'भेटल्यावर सांगते' हे वाक्य आधी सोडा

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वेलनेस प्रॉडक्ट्स विकणाऱ्या एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत त्या तीन महिन्यांपूर्वी जॉइन झाल्या. अपलाइनने, म्हणजे त्यांना कंपनीत आणणाऱ्या वरच्या माणसाने, शंभर नावांची लिस्ट करायला लावली आणि बजावलं, "कंपनीचं नाव फोनवर घ्यायचं नाही, नुसतं चहाला बोलवा." त्यांनी ४० जणांना फोन केले, ११ जण घरी आले, जॉइन कुणीच झालं नाही. आता ठाण्याची नणंद फोन उचलत नाही आणि मुलाच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपमधून त्यांना काढून टाकलंय. त्या विचारतात, लोकांशी बोलायला सुरुवात कशी करायची आणि प्लॅन, म्हणजे व्यवसायात येऊन कमवायची योजना, दाखवायचा कसा?

ताई, ४० पैकी ११ जण नुसत्या तुमच्या शब्दावर घरी आले. कोपरखैरणे-घणसोलीकडच्या माणसाची संध्याकाळ किती थोडी मोकळी असते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तुमच्या शब्दाला वजन होतं. ते वजन त्या एका चहात संपलं. आलेल्यांनी तुमचा प्लॅन नाकारला असं मला वाटत नाही, कारण तो त्यांनी ऐकलाच नसणार. 'हिने आपल्याला फसवून बसवलं' हे ध्यानात आलं की पुढचा पाऊण तास माणूस फक्त निघायचं कसं याचा विचार करत असतो. तेव्हा प्रश्न बोलण्याच्या कौशल्याचा कमी आणि लपवण्याचा जास्त आहे.

शिवाय ही लपवाछपवी नियमातही बसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम अधिसूचित केले. त्यात डायरेक्ट सेलरवर स्पष्ट बंधन आहे की बोलण्याच्या सुरुवातीलाच, समोरच्याने विचारायची वाट न बघता, स्वतःची ओळख, कंपनीचं नाव-पत्ता, काय विकतो आणि कशासाठी आलोय हे खरं खरं सांगायचं. ओळखपत्र जवळ नसताना आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतलेली नसताना कुणाच्या घरी जायचं नाही. कंपनीने मंजूर न केलेलं साहित्य प्रॉस्पेक्टला, म्हणजे ज्याला माल किंवा व्यवसाय दाखवतोय त्याला, द्यायचं नाही, आणि कंपनी जे दावे करत नाही ते आपण करायचे नाहीत. 'नाव सांगू नका' ही शिकवण या नियमांच्या आधीपासून चालत आलेली आहे, आणि अजून अनेक टीममध्ये तीच घोकून घेतली जाते.

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. तुमची कंपनी मुळात कशाचे पैसे देते? करारपत्र आणि कमिशनचा तक्ता समोर घ्या. जॉइनिंगची फी घेतली होती का? ती घ्यायला या नियमांत मनाई आहे. कमिशन माल विकल्यावर मिळतं की नवा आयडी लागल्यावर, म्हणजे नवा माणूस जॉइन झाल्यावर? न विकलेला माल कंपनी परत घेते का, किती दिवसांत, आणि हे लेखी आहे का? नवा माणूस आला म्हणूनच पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड किंवा पैसे फिरवण्याची योजना झाली. तिच्यासाठी १९७८ चा वेगळा बंदी कायदा आहे आणि त्यात आणणाराही अडकतो. तसं असेल तर पुढचं वाचू नका, कुणालाच फोन करू नका, स्वतः बाहेर पडा. तक्ता मालाच्या विक्रीवर असेल तर पुढे वाचा.

आता लिस्ट. शंभर नावं लिहायला हरकत नाही, पण शंभरही जणांना एकच फोन करायचा नसतो. दोनशे पानी वहीत पाच रकाने आखा: नाव, ओळख कशी, शेवटचं बोलणं कधी झालं, यांना आपल्यातली कुठली वस्तू खरोखर उपयोगी पडेल, आणि पाचवा रकाना 'विचारायचं नाही, कारण'. हा पाचवा रकाना सगळ्यात कामाचा. ज्यांना तुम्हाला नाही म्हणता येणार नाही ती सगळी माणसं त्यात जातात: घरी कामाला येणाऱ्या मावशी, तुम्ही ट्यूशन घेत असाल तर मुलांचे आईवडील, नवऱ्याच्या हाताखालची माणसं. भिडेपोटी ते एकदा घेतात आणि मग कायमचे टाळतात. ज्याची नुकतीच नोकरी गेली, ज्याच्या घरी मोठं आजारपण आहे, त्यालाही प्लॅन दाखवू नका. गरजू माणूस लवकर हो म्हणतो, कर्ज काढून माल उचलतो आणि तिसऱ्या महिन्यात त्या खोक्यांसकट तुमच्या दारात उभा राहतो.

सरकारी नोकरदारांचं वेगळं बघायचं. बेलापूरच्या सरकारी कार्यालयांत, ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांत, पोलिसांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत असलेले पुष्कळ जण तुमच्या लिस्टमध्ये असतील. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापारधंदा करता येत नाही, महापालिका वगैरेंचे आपापले नियम असतात. त्यांना वस्तू जरूर विका, पण 'आयडी बायकोच्या नावाने लावा' हा सल्ला देऊ नका. उद्या चौकशी झाली तर ती त्यांची होते, तुमच्या अपलाइनची होत नाही.

दोन वर्षं ज्यांच्याशी बोलणंच नाही त्यांना कामाचा पहिला फोन करायचा नाही. एवढी चाळणी लावली की शंभरातून साधारण पंचवीस-तीस नावं उरतात. तेवढी पुरतात.

या पंचवीस जणांकडे दोन वेगळी कामं घेऊन जायचं असतं आणि नव्या लोकांची गल्लत इथेच होते. एक म्हणजे वस्तू विकणं, दुसरं म्हणजे व्यवसायात घेणं. दोन्ही एका बैठकीत केलं की समोरच्याला वाटतं, वस्तू हे निमित्त आहे आणि मी म्हणजे हिची साखळी. म्हणून आधी फक्त वस्तू. एखादी गोष्ट महिनाभर वापरून, पैसे देऊन, पुन्हा मागवली तरच त्या माणसाशी व्यवसायाचं बोलायचं, तेही त्याला रस दिसला तर. दहा ग्राहकांत असे एक-दोनच निघतात. वेग कमी वाटतो, पण ज्याला वस्तू माहीत आहे तो पुढे विकू शकतो. नुसत्या प्लॅनवर भाळून आलेला माणूस वस्तू विकत नाही, तो फक्त आणखी एकाला प्लॅन दाखवतो.

फोनवर किंवा मेसेजमध्ये नेमकं काय म्हणायचं? तुमचा आत्ताचा मेसेज बहुधा असा असणार: "हाय, कशी आहेस? एक मस्त संधी आली आहे, फोनवर नाही सांगता येणार, रविवारी चहाला ये ना!" त्याऐवजी असं लिहा: "वहिनी, मी अमुक कंपनीची डायरेक्ट सेलर म्हणून काम सुरू केलंय. आमच्याकडे प्रोटीन पावडर आणि घरातल्या वापराच्या वस्तू आहेत. तुम्ही प्रोटीन घेता हे माहीत आहे म्हणून विचारते, आमची पावडर ५०० ग्रॅमला इतक्या रुपयांना आहे. बघायची असेल तर शनिवारी अकराला येऊन दहा मिनिटांत दाखवते. नको असेल तर तसं सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही." कंपनी, वस्तू, किंमत, वेळ आणि नाही म्हणायची मोकळी वाट, पाचही गोष्टी त्यात आल्या. याला होकार कमी येतील. पण जे येतील ते कशासाठी बसलोय हे माहीत असलेले असतील, आणि नकार देणारी माणसं पुढच्या लग्नात तुमच्याशी नीट बोलतील.

वेळ माणूस बघून ठरवा. तुमच्याच आसपास एपीएमसीच्या भाजी-फळ मार्केटमध्ये काम करणारी घरं आहेत. तिथला माणूस पहाटे बाहेर पडतो, त्याला रात्री साडेनऊला फोन म्हणजे झोपमोड. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांच्या शिफ्टचा नेम नाही, तिथे आधी मेसेज करून 'कधी बोलू' विचारायचं. ठाणे-वाशी लोकलमध्ये असलेल्या माणसाला धंद्याचा फोन करू नका. निम्मं ऐकू येत नाही आणि आजूबाजूचे ऐकत असतात म्हणून तो 'हो हो, नंतर बघू' म्हणून ठेवून देतो. तुम्ही तो 'हो' वहीत मांडता आणि तिथून चुकीचा फॉलोअप सुरू होतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना संध्याकाळी आठची वेळ तर देऊच नका, दोघांपैकी एक जण ट्रॅफिकमध्ये असणारच.

सोसायटीत जाताना गेटवर 'पाहुणे' म्हणून नोंद करू नका, कंपनीचं नाव आणि फ्लॅट नंबर सांगा. एका फ्लॅटची परवानगी म्हणजे सगळ्या मजल्याची परवानगी नव्हे, शेजारच्या बेल वाजवत सुटलात की दुसऱ्या दिवशी कमिटीची नोटीस लागते. क्लबहाउसमध्ये स्टॉल लावायचा असेल तर सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करा. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावून प्लॅन मांडायचा मोह फार होतो, तो टाळा. वाण म्हणून सॅशे दिलात, त्यावर आपला नंबर चिकटवलात, इतपत चालतं. त्या दिवशी पेन-कागद बाहेर काढलात तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे कुणी येणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात. पालकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, ही सगळी दुसऱ्याची घरं आहेत, तिथे जाहिरात टाकायची नाही. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. स्टेटस ठेवा, दिवसाला एक, त्यात वस्तू आणि किंमत. दुसऱ्याच्या चेकचे, गाड्यांचे, परदेशी सहलींचे फोटो नकोत. ते बघून जे लोक विचारतात ते वस्तू घेणारे नसतात.

वेलनेसच्या वस्तूंमध्ये एक खड्डा हमखास असतो. "माझ्या सासूबाईंची शुगर गेली" असा मेसेज फिरवणं. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, कर्करोग यांवर इलाज असल्याची जाहिरात १९५४ च्या औषध व चमत्कारी उपाय कायद्याखाली येते, आणि तो मेसेज तुमच्या नंबरवरून गेलेला असतो. डब्याच्या लेबलवर जे छापलंय तेवढंच बोला. कुणी गोळ्या चालू असल्याचं सांगितलं तर लेबलचा फोटो त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा आणि गोळी बंद करण्याबद्दल चकार शब्द काढू नका.

आता प्लॅन दाखवणं. समजा तीन महिने वस्तू घेणाऱ्या एका वहिनींनी स्वतःच विचारलं, "यात तुम्हाला काय मिळतं?" तेव्हा चाळीस मिनिटांची वेळ ठरवा. शक्यतो त्यांच्या घरी, आणि त्यांचे यजमान हजर असताना. 'नवऱ्याला विचारून सांगते' याला आपल्याकडे बहाणा समजतात आणि त्यावर उत्तरं पाठ करून घेतात. पैशाचा निर्णय दोघांनी घ्यायचा असेल तर दोघांना एकदमच सांगा ना, प्रश्न मिटला. अपलाइनला फोनवर घ्यायचं असेल तर तेही आधीच सांगून ठेवा. मध्येच स्पीकरवर परका आवाज आला की समोरचा आक्रसतो.

लॅपटॉप, व्हिडिओ नकोत. कंपनीचा छापील तक्ता, एक कोरा कागद, एक पेन. पहिली दहा मिनिटं त्यांनाच बोलू द्या: आठवड्याला किती तास मोकळे आहेत, विकायला आवडतं का, महिन्याला किती रुपये मिळाले तर हे करण्यासारखं वाटेल. 'विकायला अजिबात आवडत नाही' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. "यात विकावं लागत नाही" असं सांगून पुढे जाणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी थाप आहे.

मग कागदावर आकडे. मी उदाहरणापुरते गोल आकडे घेतो, तुम्ही तुमच्या तक्त्यातले घाला. वस्तूची एमआरपी १,००० रुपये, तुम्हाला डीपीने (डिस्ट्रिब्युटरच्या किमतीने) ८०० ला पडते. दहा ग्राहक महिन्याला प्रत्येकी १,००० चा माल घेतात. विक्री १०,०००, हातात २,०००. आता खालची ओळ, जी कुणी लिहीत नाही: रिक्षा-बसचे ४००, सॅम्पलचे ३००, फोनचे २००. उरले १,१००. दहा ग्राहकांना फोन, भेट, माल पोचवणं मिळून दीड-दीड तास धरला तर पंधरा तास झाले, म्हणजे तासाला ७३ रुपये. हे वहिनींच्या समोर लिहा. एवढ्यात जमतंय का, हे त्यांना ठरवू द्या.

टीमचं त्यानंतर. तुमच्या खाली पाच जण आले आणि पाचही जणांनी दहा-दहा ग्राहक सांभाळले, तर डीपीने ४०,००० चा माल गेला. कंपनी त्यातली ६० टक्के रक्कम बीव्ही (बिझनेस व्हॉल्यूम, ज्यावर कमिशन मोजतात तो आकडा) म्हणून धरते असं समजा, झाले २४,०००. तुमच्या आणि त्यांच्या स्लॅबमधला (कमिशनच्या टप्प्यातला) फरक ८ टक्के असेल तर तुम्हाला १,९२० रुपये. लगेच पुढचं वाक्य: पाचातले पाचही टिकत नाहीत, दोन टिकले तर ७६८. 'पाच जण आले' आणि 'पाच जण दर महिन्याला विकतायत' यातला फरक समोरच्याला इथे आकड्यात दिसतो.

'तुम्ही दोन आणा, ते दोन आणतील' ही झाडाची आकृती काढायचीच असेल तर शेवटपर्यंत काढा. दोनाचे चार, चाराचे आठ करत गेलात तर विसाव्या पायरीवर एकट्या त्या ओळीत १०,४८,५७६ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या साधारण ११ लाख होती, तान्ह्या बाळांसकट. पाचव्या पायरीवर पेन थांबवून 'बघा, इथून आपोआप' म्हणणारा माणूस एकतर गणितात कच्चा असतो किंवा समोरच्याला कच्चा समजत असतो.

एक वाक्य कटाक्षाने टाळा: "मालात घातलेले तुमचे आठ हजार कुठे गेले, दोघांना आणलंत की वसूल." दुसरे ग्राहक आणून दिले की किंमत कमी होईल किंवा वसूल होईल, या आमिषावर खरेदी करायला लावणं २०२१ च्या नियमांत नावानिशी मना आहे. पहिल्यांदा माल कितीचा घ्यायला लावायचा? महिनाभरात जेवढा विकला जाईल किंवा घरात लागेल तेवढाच. रँकसाठी पलंगाखाली रचून ठेवलेले डबे बीव्हीच्या आकड्यात विक्री म्हणून दिसतात, आणि एक्स्पायरी जवळ आली की अर्ध्या किमतीत ऑनलाइन टाकावे लागतात. त्यानंतर तुमच्या पूर्ण किमतीला कोण विचारणार?

प्रश्न ठरलेलेच येतात. "ही चेन मार्केटिंग आहे का?" याला रागवायचं नाही. "टीमच्या विक्रीवर कमिशन आहे, म्हणून लोक तसं म्हणतात. माणसं आणण्याचे पैसे मिळत नाहीत, हा तक्ता बघा," एवढं पुरे. "तुम्ही किती कमावले?" याला स्वतःचं स्टेटमेंट उघडून दाखवायचं. तुमचे तीन महिन्यांत ६४० रुपये झाले असतील तर ६४० सांगा. अपलाइनचा आकडा उसना घ्यायचा नाही. "फसलो तर?" याला करारातलं माघारीचं कलम, माल परत करायची मुदत, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा नंबर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्याच कागदावर लिहून द्या आणि कागद त्यांच्याकडेच ठेवा. त्या दिवशी सही घेऊ नका. 'आज जॉइन झालात तरच ऑफर' असं म्हटलंत की आधीची चाळीस मिनिटं वाया.

फॉलोअप दोनच. तिसऱ्या दिवशी एक फोन, "काही प्रश्न उरलेत का?" आणि दोन-तीन आठवड्यांनी एक मेसेज. त्यानंतर वहीत 'नाही' लिहून विषय बंद. त्यांनी काढला तरच पुन्हा काढायचा. 'वेळ नाही' याचा अर्थ नाही असाच धरा.

या पद्धतीने आठवड्याला तीन भेटी, महिन्याला बारा-तेरा, होतात. त्यातून तीन-चार ग्राहक पक्के झाले तर सुरुवात चांगली समजा. मात्र तुमचे ग्राहक, तुमच्या वस्तूंच्या किमती आणि बाजारात तीच गोष्ट कितीला मिळते यावर हे बरंच हलतं. किराणा दुकानात निम्म्या किमतीत मिळणारी वस्तू कितीही गोड बोललात तरी तिसऱ्यांदा मागवली जात नाही.

राहिले ते अकरा जण आणि तुमची नणंद. त्यांना व्यवसायाचं काहीच पाठवू नका. अकरा जणांतल्या एकेकाला वेगळा मेसेज, फॉरवर्ड केलेला नको: "त्या रविवारी चहाला म्हणून बोलावलं आणि कंपनीचं सांगत बसले, आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. तो विषय मी पुन्हा काढणार नाही." खाली लिंक नको, वस्तूचा फोटो नको. पालकांच्या ग्रुपच्या ॲडमिनलाही हेच, आणि 'परत घ्या' असं म्हणायचं नाही. नणंदेला मेसेजही करू नका. ठाण्याला जाल तेव्हा नेहमीसारख्या जा, आणि बॅगेत कॅटलॉग नेऊ नका.